अकरा फुटांची रिंग

मुरबाड तालुक्यात धसईच्या अलीकडे एक माळ आहे, माळावर एक कॉलेज आहे आणि कॉलेजच्या मागे बास्केटबॉलचं कोर्ट आहे. हे कोर्ट इथे कसं आलं, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. गावातल्या माणसाला तो पडत नाही, कारण गावाने ते मागून घेतलेलं आहे.

झालं होतं असं, की सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी खेळाच्या मैदानासाठी सरकारी अनुदानाचा फॉर्म आला. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल. हवा त्या खेळापुढे खूण करा. आमचा तालुका कबड्डीचा, तेव्हा खूण कुठे पडणार हे उघडच होतं. पण संस्थेचे त्या वेळचे अध्यक्ष व्यवहारी गृहस्थ. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "यातला सिमेंटचा खेळ कोनचा?"

बास्केटबॉलला सिमेंटचा कोबा लागतो, असं क्लार्कने वाचून दाखवलं.

"मंग तोच घ्या. कबड्डीची माती आपल्याकडं ढीग हाय."

गावाला दिवाळीनंतर भात झोडायला आणि वाळवायला पक्कं खळं हवं होतं. ते मिळालं. अशा रीतीने बास्केटबॉल आमच्याकडे भाताच्या पाठीवर बसून आला. खळ्याबरोबर दोन खांब आणि दोन रिंगाही आल्या होत्या. त्यांचं काहीतरी करायला हवं म्हणून पंढरी विशे सरांना नेमलं.

विशे सर मूळचे टोकावड्याचे आणि हाडाचे कबड्डीपटू. उंची पाच फूट तीन इंच. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली शिट्टी. ती आंघोळीच्या वेळीही निघत नाही, असं त्यांच्या पत्नी गिरजाकाकू सांगतात. "मंगळसूत्र मी एकवेळ काढून ठेवीन, ह्यांची शिट्टी निघायची नाय." मुलाखतीत सरांना विचारलं होतं, बास्केटबॉल येतो का? सर म्हणाले, येईल. समितीला हे उत्तर प्रामाणिक वाटलं आणि दुसरा उमेदवारही नव्हता.

सर शिकले ते कॉलेजच्या ग्रंथालयातल्या एकुलत्या एका पुस्तकावरून. त्या पुस्तकाची शेवटची पानं वाळवीने खाल्ली होती आणि मॅचची अखेरची दोन मिनिटं कशी खेळायची, हा धडा नेमका त्याच पानांवर होता. त्यामुळे आमचा मुलींचा संघ पहिली अडतीस मिनिटं शास्त्रशुद्ध खेळायचा आणि शेवटची दोन देवावर सोडायचा.

पुस्तकातलं मुलींना समजेल असं सांगायचं, तर त्यासाठी सरांनी स्वतःची भाषा तयार केली. बचावाला उभं राहायचं म्हणजे गुडघ्यात वाकून हात पसरायचे. सर म्हणायचे, "आवणीला वाकता ना? भाताचं रोप लावताना? तशा वाका, फक्त मान वर." चेंडू हातात असताना एक पाय जमिनीवर रोवून दुसऱ्या पायाने त्याच्याभोवती फिरायचं असतं. सर म्हणायचे, "समज, हा पाय चिखलात रुतलाय. तो निघत नाय. आता बाकीची तू फीर." मुली लगेच फिरायच्या. चिखलात पाय रुतणं कुणालाच शिकवावं लागत नव्हतं. पास देणं म्हणजे ट्रॉलीवर पेंढ्या चढवणं. खालच्याने फेकायची, वरच्याने झेलायची, मध्ये पडली तर शिव्या.

हे सगळं छान होतं. एकच अडचण होती. सव्वीस वर्षांत आमचा संघ बाहेरची एकही मॅच जिंकला नव्हता.

आता रिंगेबद्दल सांगायला हवं.

कॉलेजची जागा गावातल्या कोंडूआजाच्या वडिलांनी दिलेली. देताना अट घातली होती, की शेतावर जायची आमची गाडवाट मोडायची नाही. तेव्हा त्या वाटेवरून बैलगाडी जायची, आता कोंडूआजाच्या नातवाने घेतलेला ट्रॅक्टर जातो. ही वाट कोर्टाच्या पूर्वेच्या टोकावरून, बरोबर रिंगेखालून जाते. सात वर्षांपूर्वी कोंडूआजाची पेंढ्याने भरलेली ट्रॉली तिथून गेली आणि जाताना रिंग घेऊन गेली. पेंढा उंच, ड्रायव्हर पुढे बघत होता, कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन दिवसांनी ती आजाच्या घरामागच्या पेंढ्याच्या उडवीत सापडली. शोधून काढली म्हशीने.

सर रिंग हातात घेऊन आजाकडे गेले. आजा तेव्हा सत्तरीचा होता आणि आवाज विशीतला.

"आजा, रिंग जमिनीपासून धा फुटांवर असते. जगभर."

"जगभर आसंल. जगभर माझी ट्रॉली जात नाय."

"तुमी भरताना जरा कमी भरा."

"तुमी लावताना जरा वर लावा."

दोन तास बोलणी झाली, तीनदा चहा झाला आणि शेवटी दोन्ही बाजूंना शोभेल असा तह ठरला. आजाने पेंढ्यांचा एक थर कमी करायचा, सरांनी रिंग एक फूट वर घ्यायची. नामा वेल्डरला बोलावलं. त्याने टेप वगैरे आणली नाही. भरलेली ट्रॉली खांबाखाली उभी करायला लावली, वर चार बोटं मोकळी सोडली आणि रिंग ठोकली. मग सर म्हणाले, एकाच बाजूची वर घेतली तर अन्याय होईल. म्हणून दुसऱ्या बाजूचीही वर घेतली. नंतर मोजलं तर बरोबर अकरा फूट भरलं. नामाच्या डोळ्यांत टेपच आहे, असं सर अजून कौतुकाने सांगतात.

आणि इथे विशे सरांना सिद्धांत सुचला. रिंग वर गेली हे वाईट झालं नाही, उलट बरं झालं. ज्या मुली अकरा फुटांवर बास्केट करतात त्यांना बाहेर दहा फूट म्हणजे हातचा मळ. "उंच फांदीवरचा आंबा पाडणाऱ्याला खालच्या फांदीचा अवघड का?" हे वाक्य सरांनी स्टाफरूममध्ये, एस्टीत, लग्नांत आणि एकदा दशक्रियेलाही म्हटलं होतं. ऐकणाऱ्याला ते पटायचं. ते इतकं पटण्यासारखं होतं, की मुली बाहेर जाऊन हरतात तरी का, याकडे कुणी पाहिलं नाही. आणि खरं सांगायचं तर रिंग दहा फुटांवर होती तेव्हाही आपण हरतच होतो. मग उंचीवर संशय कोण घेणार?

सरांना एवढंच दिसायचं, की गावात धडाधड पडणारे चेंडू बाहेर बोर्डाला लागून उडतात नाहीतर बोर्डावरून पलीकडे जातात. त्यांनी निदान केलं होतं. मुली घाबरतात. शहराची हवा लागली, की हात सुटतो. मनस्वी देसले नावाची एक गुणी पोरगी होती, सरांच्या लेखी आजवरची सगळ्यात चांगली खेळाडू. ती तीन वर्षं खेळली आणि तीन वर्षं बाहेर एक बास्केट पडलं नाही. सर तिला म्हणाले होते, "तुझ्यात सगळं हाय गो, फक्त धीर नाय." ती काही बोलली नव्हती. पुढे शहापूरला एका औषधांच्या दुकानात लागली.

गेल्या वर्षी जूनमध्ये प्राचार्य मॅडमनी सरांना केबिनमध्ये बसवून चहा दिला. चहा दिला तेव्हाच सर सावध झाले.

"सर, तुम्ही मेअखेर निवृत्त होताय."

"हो."

"समितीत विषय निघाला. मुलांच्या मोटारसायकली वाढल्यात, उन्हात असतात. कोर्टावर शेड टाकावी असं चाललंय. मी म्हटलं, सर आहेत तोवर नको."

"आणि नंतर?"

"सव्वीस वर्षांत एकही मॅच नाही, सर. एक जरी जिंकली असती तरी मी भांडले असते. यंदा जिंका, मी अजूनही भांडते."

सर बाहेर आले आणि बराच वेळ खांबाला टेकून उभे राहिले. घरी गिरजाकाकूंना त्यांनी सांगितलं, तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. "मंग जिंका की," त्या म्हणाल्या. "कबड्डीत तर सगळ्यांना पाडायचात."

"ते मी पाडायचो. हे पोरींनी पाडायचंय."

बातमी कोंडूआजालाही लागली. शेड टाकली तर भात कुठे झोडायचा? त्याने त्याच दिवशी सरांची वाट अडवली. "मास्तर, ह्या पोरींनी जितलंच पायजे. खळ्याचा सवाल हाय." आयुष्यात पहिल्यांदा गावाला बास्केटबॉलची काळजी वाटू लागली.

तरी भाताच्या दिवसांत कोर्टावर भातच होतं. नोव्हेंबरभर मुली शेतात आणि सर खळ्याच्या कडेला शिट्टी फिरवत. कप्तान हर्षाली पष्टे संध्याकाळी घरचा पेंढा चढवून यायची, केसांत काड्या तशाच. सर वैतागायचे. "मॅच तोंडावर आली आन् तुमी पेंढ्या झेलत बसा." हर्षाली म्हणायची, "तुमीच म्हनता ना सर, पास म्हंजे पेंढी."

संघात हिरी आगिवले नावाची एक मुलगी होती, वरच्या ठाकरवाडीतली, दुसऱ्या वर्षाला. अंगाने काटकी, बोलायला कमी. घरी शेत राखताना पाखरांवर गोफण चालवायची, आंब्याच्या दिवसांत धोंड्याने आंबे पाडायची. अकरा फुटी रिंगेत तिचे दहातले आठ चेंडू पडायचे. सर तिच्याकडे बघायचे आणि मग दुसरीकडे बघायचे. मनस्वीचेही आठच पडायचे.

डिसेंबरमध्ये कल्याणकडच्या एका कॉलेजात स्पर्धा होती. हरलं की बाहेर, अशी. पहाटेची मुरबाड-कल्याण एस्टी पकडली. दहा मुली, सर आणि धोतराच्या सोग्यात भाकरी बांधून कोंडूआजा.

"आजा, तुमी कशाला?"

"खळं माझं हाय. मी बघनार."

कोर्ट लाकडी होतं, वर छप्पर होतं, चेंडू आपटला की मंदिरात बोलल्यासारखा आवाज घुमायचा. समोरच्या संघाच्या मुली एकसारख्या बुटांत. मॅच सुरू झाली आणि पहिल्या पाच मिनिटांत विशे सरांनी जे सहा वर्षं पाहिलं होतं तेच पुन्हा पाहिलं. हर्षालीचा चेंडू रिंगेच्या पलीकडच्या कडेला लागून उडाला. हिरीने टाकला तो रिंगेला न शिवता बोर्डावर आदळून परत तिच्याच हातात आला. तिने पुन्हा टाकला, तो पुन्हा आला. बचाव चांगला होता, आवणीला वाकलेल्या मुलींमधून समोरच्यांना वाट सापडत नव्हती. पण बास्केट पडत नाही म्हटल्यावर बचाव किती पुरणार? मध्यंतराला गुण झाले सतरा-चार. सतरा त्यांचे.

मुली बाकावर बसल्या. सरांनी बोलायला तोंड उघडलं. धीर धरा म्हणणार होते, कारण दर वर्षी याच वेळी ते हेच म्हणत. तेवढ्यात कोंडूआजा पायऱ्या उतरून खाली आला. तो पूर्ण वेळ चेंडूकडे नव्हे, रिंगेकडे बघत होता.

"मास्तर, ही लय खाली हाय. हितून माझी ट्रॉली जायची नाय."

"आजा, ही बरोबर आहे. आपली वर आहे. इथं ट्रॉली कोण आणतंय?"

"मी आपलं सांगितलं."

आजा बसला. सर पुन्हा मुलींकडे वळले. "तर धीर धरा. तुमी अकरावर टाकणाऱ्या पोरी, तुमाला धा म्हंजे..."

"सोपं नाय सर," हिरी म्हणाली.

ती मध्ये बोलत नसे, म्हणून सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. तिने मान खाली घातली, पण बोलणं थांबवलं नाही.

"तुमी म्हनता, उंच आंबा पाडनाऱ्याला खालचा सोपा. तसा नस्तो सर. हाताला उंचाची सवय झाली, का धोंडा वरूनच जातो. आजा म्हनतो ते खरं हाय. झाड बुटकं हाय, आन् आमी उंच झाडाचा धोंडा मारतोय."

"मग हात जरा हलका ठेवा."

"हात नाय बदलत एवढ्यात. आमी बुटक्या झाडाला हात बदलत नाय. पाय बदलतो."

"म्हणजे काय करता?"

"एक पाऊल मागं सरतो. तेवढ्यात धोंडा खाली येतो."

बाकावर बसलेल्या दहाही मुली सरांकडे बघत होत्या. सहा वर्षं एस्टीत, लग्नात, दशक्रियेला सांगितलेला सिद्धांत एका बाजूला होता आणि दुसऱ्या बाजूला एक पाऊल. शिट्टी हातात घेऊन त्यांनी ती दोनदा उलटसुलट केली. मग म्हणाले, "हिरी सांगते तसं करा. हात तोच ठेवा. जिथून टाकता तिथून एक पाऊल मागं. माझं काय ऐकू नका."

दुसऱ्या भागात हिरीने पहिला चेंडू टाकला. नेहमीच्या जागेवर आली, थांबली, मागे सरली आणि टाकला. तो वर गेला, वरून खाली आला आणि जाळीतून सरळ पडला. कोंडूआजा वरून म्हणाला, "पडला." एवढंच. मग हर्षालीचा पडला. मग हिरीचे दोन लागोपाठ. समोरच्या मुलींना काही उमगेना. त्या आपल्या जवळ येणाऱ्या खेळाडूला अडवायला शिकलेल्या, आणि या जवळ येऊन पुन्हा लांब जात होत्या. त्यांच्या कोचने ओरडून सांगितलं, "अरे, वो पीछे जा रही है, तू आगे जा." तोवर चेंडू सुटलेला असायचा.

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा बावीस-बावीस झाले होते. सरांनी वेळ मागून घेतली. मुली भोवती जमल्या. सर म्हणाले, "इथून पुढं माझ्या पुस्तकाला वाळवी लागलीय. मला खरंच माहीत नाय. तुमीच बघा."

मुलींनी बघितलं. हिरीने एक बास्केट केलं, समोरच्यांना फाउलवर एक गुण मिळाला, चोवीस-तेवीस. घड्याळात वीस सेकंद आणि चेंडू हर्षालीच्या हातात. ती टाकायला गेली नाही. तिने तो पेंढीसारखा दूर उभ्या असलेल्या हिरीला फेकला, हिरीने काजल नावाच्या मुलीला, काजलने परत हर्षालीला. खालून वर, वरून खाली. समोरच्या पाचजणी धावत होत्या आणि आमच्या पाचजणी जागच्या जागी उभ्या राहून ट्रॉली भरत होत्या. नोव्हेंबरभर हात याच कामात होते. एकही पेंढी खाली पडली नाही.

भोंगा वाजला तेव्हा सरांनी शिट्टी तोंडात घातलेली होती, पण फुंकायचं विसरले.

दुसरी मॅच आम्ही एकतीस गुणांनी हरलो. तिचं कुणी मनावर घेतलं नाही. परतीच्या एस्टीत कोंडूआजाने कंडक्टरला सगळी मॅच सांगितली. त्यात विजयाचं कारण रिंगेची उंची त्याने ओळखली हेच होतं, आणि ते खोटंही नव्हतं. प्राचार्य मॅडम समितीत भांडल्या. मोटारसायकली आता चिंचेखाली लागतात.

पण सरांना चार दिवस जेवण गोड लागलं नाही. गिरजाकाकूंनी विचारलं, "हरलात तवा खायचात पोटभर. आता काय झालं?"

"सहा वर्षं मी पोरींना धीर नाय म्हनत आलो," सर म्हणाले. "धीर होता. रिंग उंच होती."

"मंग मला काय सांगता? जिला बोललात तिला सांगा."

रविवारी सर पेढ्यांचा बॉक्स घेऊन शहापूरला गेले. मनस्वी काउंटरवर होती. गिऱ्हाईक जाईपर्यंत सर खोकल्याच्या औषधांच्या जाहिराती वाचत उभे राहिले. मग सगळं सांगितलं. ट्रॉली, आजा, बुटकं झाड, एक पाऊल. "तू घाबरत नव्हतीस गो," ते म्हणाले. "चूक माझी होती."

मनस्वी हसली. "मला तेव्हाच वाटायचं, सर."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ते आंब्याचं एवढं आवडीने सांगायचात. वाटलं, राहू दे."

सरांनी तिला दोन पेढे दिले, एक स्वतः खाल्ला आणि चार दिवसांनी पहिल्यांदा त्यांना भूक लागली.

आल्या आल्या ते नामाकडे गेले. नामाने दोन्ही बोर्डांच्या लोखंडी पट्ट्यांना भोकांची दुसरी जोडी पाडून दिली, एक फूट खाली. आता रिंग नट-बोल्टवर आहे. दिवाळीनंतर ट्रॉल्या सुरू झाल्या की अकरा फूट, संक्रांत झाली की दहा. मे महिन्यात सर निवृत्त झाले, नारळ आणि शाल मिळाली, पण पाना मात्र त्यांच्याकडेच राहिला. यंदा दिवाळीनंतरच्या सोमवारी ते शिडीवर चढले, तेव्हा खाली शिडी धरायला कोंडूआजा होता.

"अजून वर घ्या मास्तर. यंदा थर वाढवतोय."

"तह एका थराचा झालाय, आजा."

"तो जुना तह झाला. आता पोरी जितल्या."

सरांनी काही ऐकलं नाही, अकरावरच आवळली. आजानेही काही ऐकलं नाही, थर वाढवलाच. परिणामी ट्रॉली रिंगेला घासून जाते आणि जाळीत पेंढा अडकतो. संध्याकाळी मुली खेळतात तेव्हा चेंडू आत पडला, की चार काड्या खाली येतात. सर कडेला उभे असतात, आता विनापगारी. हिरीच्या डोक्यावर काड्या पडल्या, की म्हणतात, "झटकून टाक आन् पुन्हा मार. आज इथूनच. संक्रांतीनंतर मागं सरायचंय."

"माहीत हाय सर," हिरी म्हणते आणि मारते.